ताबा मिळवण्याचा सोपा मार्ग

वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं. पण सातबाऱ्यावरचं पणजोबांचं नाव काही हललं नाही. भोरलाही तेच. उताऱ्यावर सतरा नावं, कसणारा अठरावा, आणि ताबा कोणाचा हे ठरायला तीन पिढ्या अपुऱ्या.

त्यापुढे 1985चा अमली पदार्थविरोधी कायदा किती सुटसुटीत! ताबा ठरायला माल हातात असायलाच हवा असं नाही; ठाऊक होता आणि नियंत्रणात होता, एवढं पुरे. कलम 35 तर हेतूही गृहीत धरतं. तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं. 2021च्या मुंबई क्रूझ प्रकरणात मित्राच्या बुटातलं 6 ग्रॅम चरस शेजारच्याच्या जाणिवेत शिरलं. पुढल्या वर्षी पुराव्याअभावी बाहेर पडलं, ही किरकोळ तांत्रिक अडचण.

हाच न्याय वडापच्या जीपलाही लावावा. सीटखाली पुडी सापडली की चौदाही प्रवासी ताबेदार; टपावरची कोंबडी माफीची साक्षीदार.

म्हणून दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या समस्त सहहिस्सेदारांना नम्र सूचना : वकील बदलू नका. वादातल्या बांधावर गांजाचं एक रोप तेवढं उगवू द्या. संध्याकाळच्या आत, दोन पंचांच्या सहीनिशी, जमीन तुमच्याच ताब्यात असल्याचं सरकार स्वखर्चाने लिहून देईल.