अक्षांश-रेखांशातील अध्यापन

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत प्राध्यापकांची उत्पादकता वाढवण्याच्या कार्याने जो वेग घेतला आहे, त्याचे श्रेय जिओटॅग छायाचित्राला, म्हणजे ज्याच्या कोपऱ्यात स्थळाचे अक्षांश-रेखांश, दिनांक आणि वेळ आपोआप उमटते अशा छायाचित्राला, दिले पाहिजे.

नियमानुसार सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला 40 तासांचा असून त्यांपैकी 16 तास प्रत्यक्ष अध्यापनाचे असतात, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे नेमून दिलेल्या तासिकांपैकी 80 टक्के घेतल्या तरी ‘चांगला’ असा शेरा मिळतो. मात्र घेतलेली तासिका वेगळी आणि सिद्ध झालेली तासिका वेगळी, व सिद्ध तासिका म्हणजे जिचे छायाचित्र मूल्यांकनाच्या फाइलीला लागले आहे ती.

हे छायाचित्र घेण्याचा विधी असा की, प्रथम फ्लेक्स ताणला जातो, मागच्या बाकांवरील मुले पुढे आणून बसवली जातात, फळ्यावर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला जातो आणि जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत फोनला उपग्रह सापडेपर्यंत अध्यापन थांबवले जाते. साताऱ्यात 17.68 आणि सांगलीत 16.85 च्या आसपास अक्षांश उमटला की ज्ञानदान झाले असे समजतात. फोनने चुकून शेजारच्या उसाच्या फडातले ठिकाण दाखवले, तर अर्थशास्त्राचा तोच तास क्षेत्रभेट, म्हणजे प्रत्यक्ष स्थळी जाऊन केलेला अभ्यास, म्हणून नोंदवता येतो आणि एका तासात दोन निकष पूर्ण होतात, ज्याला उत्पादकता नाही म्हणावे तर दुसरे काय म्हणावे? पुढे तीच मुले योग दिनाला आडवी, वृक्षारोपणाला वाकलेली आणि मतदार जागृतीला हात वर केलेली दिसतात. फ्लेक्स तेवढा बदलतो, आणि रोपटे बहुधा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात उभे असते. मुलांना काय समजले, यासाठी अहवालात रकाना नाही, कारण समजण्याला अक्षांश नसतो.

आता हा फोन कोणाच्या हाती असतो, हेही सांगितले पाहिजे. तो बहुधा तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाच्या, म्हणजे ज्याला घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते अशा शिक्षकाच्या हाती असतो. नेट-सेट झालेला, पीएच.डी. झालेला, भरतीची जाहिरात निघण्याची वाट पाहता पाहता चाळिशीला टेकलेला हा माणूस फ्लेक्स बांधतो, अहवाल लिहितो, फाइली शिवतो, आणि त्या कामाचा एक रुपयाही त्याला मिळत नाही. नियमित जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि उरलेल्यांची उत्पादकता मोजायची, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. रिक्त पदाचे छायाचित्र काढता येत नाही, ही त्यातली खरी सोय.

पालकांनी प्रवेश घेताना भिंतीवरची छायाचित्रे पाहत न बसता, मंजूर पदे किती व त्यांपैकी भरलेली किती, एवढा तक्ता कार्यालयात मागावा.