मुक्त पालमचा सर्वेसर्वा

गेली काही वर्षं मी एका देशाचा सर्वेसर्वा आहे. देशाचं नाव 'मुक्त पालम', चलन 'कट्टा', राष्ट्रीय प्राणी हेला. कर शून्य, आयात शुल्क शून्य, अनुदान मागणाऱ्याला दारातूनच परत. हा देश 'नेशनस्टेट्स' या ऑनलाइन खेळात आहे. खेळाबाहेर मी परभणी जिल्ह्यातल्या पालममध्ये सोयाबीनच्या कट्ट्यांवर बसून मोबाइल चाळणारा, घरच्यांच्या मते वाया गेलेला थोरला.

मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकारानं २००२ साली हा खेळ काढला, 'जेनिफर गव्हर्न्मेंट' या आपल्या कादंबरीची जाहिरात व्हावी म्हणून. त्या कादंबरीत जग कंपन्यांच्या ताब्यात गेलेलं असतं. माणसं आडनावसुद्धा कंपनीचं लावतात. बॅरीनं टिंगल केली होती, मी जाहीरनामा समजलो. खेळात एकेक प्रश्न समोर येतो, सल्लागार भांडतात, आपण एकाच्या मतावर बोट ठेवायचं. माझं बोट ठरलेलं: सरकारनं यात पडू नये. असं करत अर्थव्यवस्था 'भयावह' झाली. तिथं हा शब्द कौतुकाचा आहे.

खुल्या बाजाराचं हे वेड घरातलंच. आबा १९८४ साली शेतकरी संघटनेच्या परभणी अधिवेशनाला गेलेले. लाल बिल्ला अजून जपून ठेवलाय. संघटनेचे नेते शरद जोशी स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आंबेठाणच्या कोरडवाहू रानात कसे उतरले, हे ऐकतच मी वाढलो. शेतमालाच्या भावासाठी ते तुरुंगात गेले. मी त्याच विचारासाठी रात्र रात्र जागलो, पंख्याखाली.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. आता सोयाबीन चढणार! मी पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच मुक्त पालममध्ये आयातीवर कर मागणाऱ्या एका सल्लागाराला मी 'जनतेचा शत्रू' म्हणून फेटाळलं. दोन्ही गोष्टी एकाच अंगठ्यानं.

सोयाबीन काही चढलं नाही. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, मोंढ्यात मात्र चार हजारांच्या आसपास घुटमळत होतं. व्यापाऱ्यानं कट्ट्यात हात घातला, मूठभर दाणे काढले, एक दाताखाली फोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओल हाय." मी त्याला समजावू लागलो की, खुल्या बाजारात भाव दोघांच्या राजीखुशीनं ठरतो. त्यानं दाणे परत कट्ट्यात टाकले. "मग घरी न्या की. मपली काय जबरदस्ती हाय का?"

हमालांनी कट्टे पुन्हा टेम्पोत चढवले. हमाली दोनदा गेली. सगळं राजीखुशीनं.

मग उरलं हमीभाव खरेदी केंद्र. सातबारा, पीकपेरा, आधार, बँक पासबुक, ऑनलाइन नोंदणी. शून्य करवाल्या देशाचा सर्वेसर्वा तोंडाला रुमाल बांधून सरकारच्या रांगेत उभा! ओलाव्याची अट आधी १२ टक्क्यांची होती, नोव्हेंबरात ती १५ पर्यंत सैल झाली. मी मनातल्या मनात सरकारचे आभार मानले. मोठ्यानं मानणं तत्त्वात बसत नव्हतं.

आबांना कसलीच लाज नव्हती. "सोयाबीनचा वायदेबाजार २०२१ च्या डिसेंबरात बंद कोणी केला? सरकारनं. परदेशी तेल स्वस्तात येऊ कोणी दिलं? सरकारनं. भाव पाडणारा त्योच, मग भरून बी त्यानंच द्यायचं. ही भीक न्हाई, वसुली हाय." थोडं थांबून त्यांनी मोबाइलमध्ये डोकावलं. "काय करू लालास? तुझ्या देशात सोयाबीन काय भावानं जातंय?"

मी शोधलं. करोडपतींचा थाट, नद्यांची घाण, सगळ्याचे आकडे होते. सोयाबीनचा भाव नव्हता.

तर वाचकहो, देश विकणे आहे. हेल्यासकट, चालू स्थितीत, अर्थव्यवस्था भयावह. बोली खुली आहे, फक्त ४,८९२ च्या खाली बोलू नका.