चादरीचा पूर्वेतिहास

इंग्रज सरकारने १८६७ साली हिंदुस्थानातील सरायांसाठी एक कायदा केला आणि सराई चालवणाऱ्याची कर्तव्ये त्यात मोठ्या तपशिलाने नमूद केली. खोल्या, पडव्या आणि गटारे साफ राखावीत. विहिरी आणि तळी उपसून स्वच्छ करावीत. आवारात माजलेली अपायकारक झुडपे उपटून टाकावीत. ज्या फांदीच्या आधाराने चोराला आत शिरता अथवा बाहेर पडता येईल ती फांदीही छाटावी. सांसर्गिक रोगाने कोणी आजारी पडल्यास नजीकच्या पोलीस ठाण्यात तत्काळ वर्दी द्यावी. आणि मॅजिस्ट्रेटसाहेब तपासणीस येतील तेव्हा त्यांस सर्वत्र मुक्तद्वार असावे. फांदीवरून उतरणाऱ्या चोराचा इतका दूरवर विचार करणाऱ्या या मुत्सद्द्यांनी गादीच्या शिवणीत पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटदार होऊन राहिलेल्या चोराविषयी मात्र कर्तव्यांच्या त्या यादीत एक अक्षरही काढलेले नाही.

याचा दोष मी त्यांना देत नाही. त्या काळी अंथरूण ही सराईवाल्याच्या अखत्यारीतली बाबच नव्हती. ती प्रवाशाची स्वतःची जंगम मिळकत होती आणि तो ती वळकटीच्या रूपाने खांद्यावर, हमालाच्या डोक्यावर किंवा बैलगाडीच्या साटीवर घालून काशीपासून रामेश्वरापर्यंत बरोबर नेत असे. पुढे आगगाडी आली, वळकटीचा होल्डॉल झाला, सुतळीच्या जागी चामड्याचे पट्टे आले. परंतु आतील ऐवज तोच राहिला. खाली सतरंजी, तिच्यावर पातळ गादी, तिच्यावर चादर, उशाशी मळखाऊ रंगाचा अभ्रा घातलेली उशी, आणि या सर्वांच्या पोटात धोतरे, पंचांग, अडकित्ता, तांब्या आणि लाडवांचा डबा. त्या चादरीला शुभ्र म्हणण्याचे धाडस तिच्या मालकानेही केले नसते. तथापि तिच्यावरचा प्रत्येक डाग घरचा होता, त्याची मिती आणि कारण घरात सर्वांना ठाऊक होते. हा पिवळा डाग धाकट्याच्या फुटलेल्या गुडघ्यावर लावलेल्या हळदीचा, हा तेलकट ठसा गेल्या दिवाळीच्या अभ्यंगाचा, आणि हा काळा ठिपका मामांच्या तपकिरीचा, असे त्या चादरीचे सारे दप्तर स्वच्छ होते. चादर स्वच्छ नसली तरी चालत असे.

हॉटेल आणि लॉज यांचा प्रसार झाला, प्रवासी वळकटीच्या ओझ्यातून मुक्त झाला आणि त्याच क्षणी एका अज्ञात इसमाच्या ताब्यात सापडला. हा इसम म्हणजे आपल्या आधीच्या रात्री त्याच पलंगावर झोपून गेलेला प्रवासी. त्याला आपण पाहिलेले नसते, त्याचे नाव खाली काउंटरवरच्या रजिस्टरात आपल्या नावाच्या बरोबर वर असते, आणि ते वाचण्याचा मोह मी तरी कधी आवरू शकलेलो नाही. स्वच्छतेविषयी आपण जी तक्रार करतो ती माझ्या मते निव्वळ वरपांगी असते. मला मनातून हमी हवी असते ती ही, की या पलंगावर माझ्यापूर्वी कोणी झोपलेलेच नाही. आणि ही हमी देणे कोणत्याही प्रामाणिक हॉटेलवाल्याला शक्य नाही, कारण ती खरी असती तर त्याचे दिवाळे केव्हाच वाजले असते.

माझे एक स्नेही महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणतो; ही पदवी सरकारने दिलेली नसून त्यांच्या खाकरण्याने त्यांस मिळवून दिलेली आहे. त्यांच्याबरोबर एका तीर्थक्षेत्री जाण्याचा योग आला तेव्हा लॉजच्या खोलीचा कब्जा कसा घ्यावा याचे प्रात्यक्षिक मला पाहावयास मिळाले. सामान प्रथम न्हाणीघरात ठेवायचे, कारण कोरड्या, गुळगुळीत फरशीवर ढेकणास आडोसा मिळत नाही. नंतर पलंगपोस चिमटीत धरून खुर्चीवर टाकायचा आणि त्यास पुन्हा म्हणून हात लावायचा नाही. त्यानंतर टॉर्च पेटवून रावसाहेबांनी चादरीचा पंचनामा सुरू केला आणि पंच म्हणून मला उभे केले. "पूर्वेस चहाचा डाग, जुना. पश्चिमेस इस्त्रीने करपल्याची खूण. दक्षिणेस भोक एक, विडीचे असावे. उत्तरेस उशी असल्याने पाहणी तहकूब." गादीची शिवण त्यांनी बोटाने उलगडून पाहिली, पलंगाच्या सांध्यात काळे ठिपके आहेत की काय याचा शोध घेतला, भिंतीवरची देवाची तसबीर हात जोडून, मगच, किंचित तिरकी करून तिच्या मागे प्रकाश पाडला, परंतु अभ्रा काढून आतल्या उशीचे दर्शन घेण्याचे मात्र त्यांनी टाळले. माणसाने काही गोष्टी श्रद्धेवर सोपवाव्यात, असे ते म्हणाले.

मग त्यांनी घंटी वाजवून पोऱ्याला पाचारण केले.

"काय रे, ही चादर बदलली आहेस ना?"

"होय साहेब, आत्ताच बदलली. तुम्ही खाली नाव लिहीत होता तेव्हा."

"उत्तम. आणि ही आणलीस कोठून?"

"समोरच्या खोलीतून."

तो पोऱ्या खोटे बोलला असता तर आम्ही दोघेही सुखाने झोपलो असतो. पंचनाम्यावर मनातल्या मनात सही ठोकून रावसाहेब आडवे झाले ते पाचव्या मिनिटाला घोरू लागले, कारण कागद पूर्ण झाला की प्रकरणाची जबाबदारी संपते ही त्यांची खात्यातली सवय. मी मात्र पंच या नात्याने सर्व चतुःसीमा ऐकलेल्या असल्यामुळे पूर्वेचा डाग चुकवीत पश्चिमेकडे आणि भोक चुकवीत उत्तरेकडे सरकत उजाडेपर्यंत जागा होतो.

ढेकणाविषयी मला वैर असले तरी त्याच्या प्राचीनतेचा आदर वाटतो. पंचतंत्रात राजाच्या शुभ्र, मऊ शय्येत मंदविसर्पिणी नावाची एक ऊ सुखाने राहत असते. तिच्याकडे अग्निमुख नावाचा मत्कुण पाहुणा म्हणून येतो, राजा गाढ झोपेपर्यंत थांबण्याचे कबूल करून घाईने दंश करतो, आणि सेवक दिवे घेऊन धावतात तेव्हा हा पाहुणा फटीत पसार होऊन यजमानीण मात्र मारली जाते. मुक्कामाला आलेल्याने उच्छाद मांडावा आणि बदनामी राहत्या माणसाची व्हावी, हा लॉजच्या धंद्यातला नित्याचा अनुभव विष्णुशर्म्याने इतक्या पूर्वी टिपून ठेवला आहे. एका सुभाषितकाराने तर लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात का निजतात याचे कारण ढेकणांची धास्ती हेच असावे असा तर्क केला आहे. देवांनी जागा बदलून पाहिल्या. माणसांनी कढत पाणी, रॉकेल, फवाऱ्याचे पंप आणि उन्हात टाकलेल्या खाटा हे सर्व उपाय करून पाहिले. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढल्याबद्दल पाउल म्यूलर यांस १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु त्या सुमारासच काही ढेकणांनी त्या भुकटीला दाद देणे सोडलेही होते. अन्नावाचून महिनोन्‌महिने तग धरणारा हा प्राणी हंगाम नसताना बंद पडलेल्या खोलीत प्रवाशाची वाट पाहत स्वस्थ बसू शकतो. लॉजच्या मालकालाही हंगामाची एवढी चिकाटी साधत नाही.

आता थोडे रंगाविषयी. किरकोळ लॉजचा मालक गडद किरमिजी किंवा जांभळ्या चादरी पसंत करतो आणि त्यांवर परातीएवढाली फुले छापलेली असतात. फूल जितके मोठे तितकी त्याच्या पाकळीआड लपणाऱ्या गोष्टींची संख्या मोठी, असे माझे निरीक्षण आहे. थोरामोठ्यांच्या हॉटेलात याच्या उलट सारे पांढरे. पांढऱ्या कापडाला कढत पाणी आणि ब्लीच दोन्ही सोसतात, सर्व खोल्यांच्या चादरी एकाच भट्टीत घालता येतात, आणि गिऱ्हाइकाच्या मनावर दडपण येते ते वेगळेच. अमेरिकेतील वेस्टिन हॉटेलांनी १९९९ साली "हेवनली बेड" या नावाने असा शुभ्र बिछाना सजवला आणि पुढे या शुभ्रतेची साथ जगभर पसरली. पूर्वीचा रंगीबेरंगी पलंगपोस दर मुक्कामागणिक धुतला जात नसे हे उघड गुपित होते. आता पलंगाच्या पायथ्याशी एक अरुंद मखमली पट्टा तेवढा उरला आहे, आणि पलंगपोसावरचा माझा सारा जुना संशय त्या पट्ट्यावर एकवटला आहे. पांढऱ्या चादरीचा एकच अवगुण. तिच्यावर केस दिसतो. हा केस आपला नाही हे आरशात पाहून सिद्ध करता येते. परंतु तो लांब असला आणि आपण सपत्नीक प्रवास करीत नसलो, तर घरी परतल्यावर कोटाच्या बाहीवर तो सापडू नये म्हणून घ्यावी लागणारी दक्षता काही निराळीच असते.

या सर्व चादरी जातात कोठे, याचे कुतूहल मला मुंबईत महालक्ष्मी स्थानकाच्या पुलावर घेऊन गेले. खाली दगडी हौदांच्या रांगाच रांगा, आणि वर दोऱ्यांवर हॉटेलांचे आणि इस्पितळांचे कपडे एकाच वाऱ्यावर फडफडत असलेले. जुन्या परिटाच्या कसबाचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे. बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यात घातलेली त्याची खूण कोणत्याही भट्टीने जात नसे, आणि शेकडो घरांच्या कपड्यांतून ज्याचे त्याला बिनचूक परत जाई. प्रवाशाने मात्र त्या पुलावर फार वेळ उभे राहू नये. परीटघडीची चादर पाहून जो भाविकपणा मनात उत्पन्न होतो तो, इस्पितळाची चादर आणि हॉटेलची चादर शेजारी शेजारी वाळताना पाहिल्यावर, टिकणे कठीण असते.

रेल्वेचे कांबळे हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. वातानुकूलित डब्यात चादरी कागदी पाकिटातून, इस्त्री केलेल्या मिळतात. कांबळे तसेच मिळते. लोकसभेत २०२४ साली रेल्वेमंत्र्यांनी लेखी उत्तर दिले, की कांबळी महिन्यातून निदान एकदा धुतली जातात आणि कांबळ्याला आतून लावण्यासाठी एक जादा चादरही देण्यात येते. म्हणजे प्रवासी आणि कांबळे यांच्यामध्ये सरकारने स्वतःहून सरहद्द आखून दिली आहे, हे प्रांजळपणाचे लक्षण होय. महिन्यातल्या कितव्या रात्री ते आपल्या वाट्याला आले आहे, एवढे तिकिटावर छापले असते तर अधिक बरे झाले असते. सहप्रवासी या सरहद्दीचे रक्षण आपापल्या परीने करतात: कोणी कानटोपी आणि पायमोजे चढवून निजतो, कोणी उपरण्याने मस्तक आवळून घेतो, आणि हॉटेलात तर कित्येक लोक खबरदारी म्हणून उशीवर टॉवेल पसरतात. हा टॉवेलही हॉटेलचाच असतो, याचा त्यांना विसर पडतो तो ईश्वरी कृपेने.

आमच्या घरी या प्रश्नाचा निकाल आमच्या सौभाग्यवतींनी लावलेला आहे. त्या प्रवासाला निघताना घरची एक चादर आणि दोन अभ्रे कापडी पिशवीत घालून बरोबर घेतात आणि हॉटेलच्या चादरीवर आपली चादर अंथरून मधला मुलूख काबीज करतात; म्हणजे एका परीने आम्ही पुन्हा वळकटीवरच आलो, फक्त आता तिच्याखाली दुसऱ्याची गादी असते आणि तिचे भाडे आपण भरतो. गेल्या खेपेस एका मोठ्या शहरातल्या, आमच्या ऐपतीच्या मानाने बऱ्याच वरच्या हॉटेलात उतरलो होतो. सकाळी आम्ही फिरून परतलो तो पलंग नव्याने सजलेला, आणि आमची चादर बेपत्ता. खोली आवरणाऱ्याने हॉटेलच्या चादरींसमवेत तीही धुलाईला नेली होती. काउंटरवर विनंतीअर्ज, टेलिफोन, चौकशी, आणि "मॅडम, आपली चादर आमच्या चादरीसारखीच पांढरी होती" अशी मॅनेजरची अदबशीर कैफियत, असे सर्व सोपस्कार होऊन ती संध्याकाळी परत आली: धुतलेली, खळ दिलेली, कडक इस्त्रीची, कागदी पट्ट्यात बांधलेली. इतकी स्वच्छ ती आमच्या घरी जन्मात कधी झाली नव्हती. सौभाग्यवतींनी ती दोन बोटांत धरली.

"कोणाकोणाच्या चादरींबरोबर उकळली असेल, कोण जाणे! आता ती आपली राहिली नाही."

ती त्यांनी पुन्हा कधी अंथरली नाही. टाकून देण्याइतकी ती वाईट नव्हती, म्हणून तिची रवानगी पाहुण्यांच्या खोलीत झाली आणि तेथे ती आल्यागेल्याच्या सेवेत आहे. गेल्या महिन्यात रावसाहेब आमच्याकडे मुक्कामाला आले. रात्री मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो, तो त्यांची बॅग न्हाणीघरात पोहोचलेली आणि स्वतः टॉर्च घेऊन पलंगाशी वाकलेले. चादरीच्या ईशान्य कोपऱ्यात त्या हॉटेलच्या धुलाईखात्याने पक्क्या शाईत घातलेला आकडा आणि हॉटेलच्या नावाची आद्याक्षरे त्यांस सापडली होती. त्यांनी टॉर्च विझवला, दार किंचित लोटले आणि आवाज खाली आणून, निवृत्त सरकारी नोकराने स्नेह्याच्या घरी वापरावा तेवढ्याच मर्यादेत, विचारले,

"वहिनींना ठाऊक आहे का हे?"