बंदराचा भाव, गुरुजींचं भाडं

"शेठ, हा ब्लॉक भाड्याकडे बघून घेऊ नका, बंदराकडे बघून घ्या," असं डहाणूचा एजंट म्हणाला, तेव्हा मामा खरोखरच खिडकीपाशी गेले. समोर चिकूची वाडी होती, वाडीमागे पाण्याची टाकी. बंदर वाढवणला व्हायचंय, तेही समुद्रात भराव घालून, त्यामुळे ते इथून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मामा दोन मिनिटं मान डोलावत तिकडे बघत राहिले आणि भावात घासाघीस करायची राहूनच गेली.

बोरिवली ते विरार या पट्ट्यात असे मामा उदंड आहेत. नोकरी संपलेली, फंडाची रक्कम हातात आलेली, सकाळ मोकळी. इथे सोयीसाठी त्या सगळ्यांचा मिळून एकच मामा केला आहे, आणि ब्लॉकही त्यांनी पाहिलेल्या सगळ्या ब्लॉकांचा मिळून एकच. मामी मात्र घरोघरी असतातच.

मामांची नजर डहाणूकडे वळवली ती लोकलने. १६ एप्रिल २०१३ रोजी विरारला संपणारी लोकल डहाणू रोडपर्यंत गेली आणि एजंटांच्या तोंडी 'दाराशी लोकल' हा शब्दप्रयोग रुळला. दार आणि लोकल जवळ आहेत हे खरं. पण चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर आणि विरार ते डहाणू आणखी ६४. म्हणजे चर्चगेटला कामाला जाणारा भाडेकरू रोज अडीचशे किलोमीटरच्या आसपास हिंडणार. तसा तो आदर्शच म्हणायचा, कारण भिंतीला खिळा ठोकायलाही त्याला वेळ मिळणार नाही. अडचण एवढीच की असा माणूस डहाणूत घर घेण्याऐवजी विरारात दाटीवाटीने राहणं पसंत करतो.

ब्लॉकमध्ये प्रत्यक्षात राहत होते जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी. ब्लॉक बघायला येणाऱ्या प्रत्येकासाठी दार उघडायचं, पंखा लावून दाखवायचा आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगायचं, हे काम त्यांच्याकडे आपोआप आलं होतं. भाडं महिना आठ हजार.

"बंदर आलं की किती देऊ शकाल?" मामांनी विचारलं.

"बंदर येईपर्यंत माझी बदली होईल," गुरुजी म्हणाले.

बाजारभावाच्या कुठल्याही अहवालापेक्षा हे उत्तर मोलाचं होतं, पण मामांनी ते वहीत टिपलं नाही. वहीत फक्त २८ लाख लिहिले होते, आणि त्याखाली एक वर जाणारा बाण.

डहाणूत भाडं वर का जात नाही, याचं उत्तर चिकूच्या वाडीतच आहे. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांना अख्ख्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं. त्यामुळे वाड्या टिकल्या आणि घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण चिकू भाड्याने राहत नाही. कारखाने कमी म्हणून पगारदार कमी, आणि जे आहेत ते शिक्षक, परिचारिका, बँकेतले कारकून. भाडं ठरतं यांच्या पगारातून. ब्लॉकची किंमत मात्र ठरते बंदराच्या बातमीतून. एकाच घराचे हे दोन आकडे कुठे भेटतच नाहीत.

त्यात बंदराचा स्वभाव असा. १९९८ साली याच प्राधिकरणाने वाढवणचं बंदर नाकारलं. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने हिरवा कंदील दाखवला. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध तर या सगळ्याच्या आधीपासूनचा. ज्या मामांनी १९९७ मध्ये 'बंदर येतंय' म्हणून जागा घेतली असेल, त्यांना नुसत्या पायाभरणीसाठी २७ वर्षं थांबावं लागलं. तेवढ्यात त्यांचे नातू मामा व्हायच्या वयाला आले.

मामींनी त्या रात्री किराण्याची वही उघडली. २८ लाखांचा ब्लॉक. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली धरून ३० लाख. वर्षाचं भाडं ९६ हजार. गुरुजींची बदली झाली की घर एक महिना रिकामं, आठ हजार गेले. नवा भाडेकरू आणणाऱ्या एजंटला एक महिन्याचं भाडं, आणखी आठ. सोसायटीचा देखभाल खर्च महिना १,२०० म्हणजे १४,४००. घरपट्टी २,६००. पावसाळ्यानंतरची गळती आणि रंग, सहा हजार. उरले ५७ हजार. तीस लाखांवर दोन टक्केसुद्धा नाहीत.

"एवढ्यासाठी डहाणूला जाऊन दुसऱ्याचा पंखा दुरुस्त करून द्यायचा?" मामींनी विचारलं.

"अगं, पण किंमत वाढेल ना!"

"मग तसं म्हणा. भाड्याचं नाव कशाला घेता?"

एजंटने आणखी एक सोय सांगितली होती: भाडेकरार अकरा महिन्यांचा, नोटरीवर, म्हणजे नोंदणीची कटकट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ अकरा महिन्यांनाही सोडत नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची; चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "तीन महिने तरी बिनभाड्याची खोली मिळेल," मामी म्हणाल्या.

डहाणू जमेना म्हणून मामा तलासरीला गेले. तिथल्या एजंटकडे तर खजिनाच होता. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, शेजारून राष्ट्रीय महामार्ग ४८. बुलेट ट्रेन तलासरी तालुक्यातून जाणार हे सोळा आणे खरं, पण तिचं स्थानक बोईसरला आणि त्यानंतरचं थेट वापीला. तलासरीकरांच्या वाट्याला ताशी ३२० किलोमीटरचा वारा तेवढा येणार. तरी इथला हिशेब डहाणूपेक्षा शहाणा होता, हे कबूल करायला हवं. सीमेपलीकडे गुजरातेत उंबरगाव आणि सरीगामच्या औद्योगिक वसाहती आहेत, कामगारांना खोल्या लागतात, आणि चाळीतल्या दहा खोल्या गुंतवलेल्या रुपयामागे एका ब्लॉकपेक्षा जास्त भाडं देतात. मामांनी मनातल्या मनात चाळ बांधली, संडास मागच्या बाजूला काढले, भाडंही वसूल केलं. मग सातबारा मागितला.

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात मामांचं स्वप्न अडकलं. जमीन आदिवासी खातेदाराची होती. "नावावर करू नका, शेठ. पाचशेच्या बाँडवर वीस वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेऊ," एजंटने तोडगा काढला. पूर्वी हे काम शंभराच्या बाँडवर चालायचं. सरकारने २०२४ मध्ये तो दर पाचशेवर नेला, एवढीच काय ती सुधारणा. जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ विक्रीइतकंच भाडेपट्ट्यालाही लागू आहे. बिगरआदिवासीला पाच वर्षांपर्यंतचा पट्टा हवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्याहून जास्त मुदतीसाठी राज्य सरकारचीही मान्यता लागते. बाँड कितीचाही असो.

हे कलम कुणा कारकुनाच्या लहरीतून आलेलं नाही. याच तलासरीत, झरी गावी १९४५ साली वारली सभेला जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या सोबतीने त्यांनी जमीनदारांची वेठ नाकारली. त्याआधी स्वतःच्याच जुन्या जमिनीवर कूळ होऊन सावकाराला खंड भरायचा, अशी इथली रीत होती. खंड म्हणजेही भाडंच. ते कोण घेतं आणि कोण देतं, यावर या तालुक्यात माणसांनी तुरुंगवास भोगला आहे. मामांनी सातबारा घडी घालून परत दिला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निराशा होती आणि थोडी लाजही.

परतताना चहाच्या टपरीवर भूकंपाचा विषय निघाला. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ रिश्टरचा होता, आणि ऐन थंडीत लोक घराबाहेर तंबूत झोपत होते. घर असून बाहेर झोपावं लागण्याचा तो काळ एजंटच्या माहितीपत्रकात नव्हता. मामांनी चहा अर्धाच घेतला.

शेवटी ३० लाख टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले, ८.२ टक्क्यांनी. दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. पंखा दुरुस्त करावा लागत नाही. तो डहाणूचा ब्लॉक विरारच्या दुसऱ्या एका मामांनी ३१ लाखांना घेतला, बंदराकडे बघून. दार गुरुजींनीच उघडलं. भाडं आठ हजार.