मोठं करून बघू!
पेण ते रोहा या पट्ट्यात दर दोन-चार आळ्यांमागे एक घरगुती संशोधक सापडतोच. वय साठीच्या आसपास, खिशात टेस्टर आणि गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. लोक त्याला अर्धवट म्हणतात, तो अन्याय आहे. त्याचं विज्ञान पक्कं असतं; घोळ होतो तो आकारमानात. काचेच्या पेटीत त्यानं वाळवलेले आठ पोह्याचे पापड दुपारपर्यंत खडखडीत होतात. पण तिथे थांबला तर तो संशोधक कसला? लगेच गच्चीभर पत्र्याची खोली उभी राहते, चार पंखे लागतात, कडेचे पापड तडकतात, मधल्यांना बुरशी धरते आणि बायको विचारते, "अहो, आठांचं काय वाईट चाललं होतं?"

हॉलिवूडच्या पडद्यावरचा संशोधक वेन झॅलिन्स्की याच गोत्राचा. 'हनी, आय श्रंक द किड्स' या चित्रपटात (1989) त्याच्या यंत्रानं पोरं मुंगीएवढी केली. पुढच्या भागात, 1992 साली, त्याचा धाकटा मुलगा अ‍ॅडम शंभर फुटांवर वाढून लास वेगासच्या रस्त्यात उतरला. दुसरा भाग म्हणजे पहिलाच विनोद फुगवलेला, असं कुणी म्हणेल. अहो, पण फुगवणं हाच तर विनोद आहे! तीन फुटांचं पोर 33 पट उंच झालं की त्याचं वजन सुमारे 36,000 पट होतं; तळपाय मात्र जेमतेम 1,100 पट पसरतात. ते उभं राहणार कसं? पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हे गणित न मांडताच कळतं. उंची दुप्पट केली की भरीव मूर्तीला माती आठपट लागते, म्हणून शाडूची मूर्ती बेताची ठेवतात. रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक कारखान्यांनाही हाच नियम. चंचुपात्रात गुमान वागणारी अभिक्रिया मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये भडकू शकते, कारण उष्णता सगळ्या मालात तयार होते आणि निसटायला फक्त बाहेरची बाजू मिळते. म्हणून मध्ये पायलट प्लांट, म्हणजे चाचणीपुरता छोटा कारखाना, असतो. आमचा संशोधक या दोन गावांच्या मधोमध राहून दोघांकडूनही काही शिकत नाही.

अशांना आवरलं तर शोध लागायचे कसे, हा आक्षेप रास्त आहे. पण आवरा म्हणतंय कोण? आठानंतर ऐंशी पापड करून बघा, एवढंच म्हणणं. त्याला मात्र मधली पायरी म्हणजे अपमान वाटतो. चित्रपटात विजेजवळ गेला की वाढणाऱ्या त्या पोराला धरायला शेवटी आईलाच यंत्रानं मोठं करावं लागतं. इकडच्या बायकांना तेवढीही गरज पडत नाही. मेन स्विचपर्यंत त्यांचा हात पोचतो.