उच्चविद्याविभूषित

बदनापूर तालुक्यातल्या आमच्या गावी बारावी पास झालेल्या पोरांचा गुणगौरव होता आणि त्यात करिअर मार्गदर्शनासाठी प्रमुख वक्ता म्हणून मला बोलावलं होतं. पत्रिकेत माझ्या नावाआधी ‘उच्चविद्याविभूषित’ आणि नावानंतर बी.ए., एम.ए., बी.एड., एमएस-सीआयटी अशी सगळी मालगाडी छापली होती. ती एका ओळीत बसेना म्हणून छापखानेवाल्याने अध्यक्षांचं नाव बारीक टायपात घेतलं. अध्यक्ष म्हणजे माझाच वर्गमित्र. दहावीत इंग्रजीने त्याला असा काही धरला की शेवटी त्यानेच शाळेला सोडलं. पुढे जेसीबी घेतला, मग दुसरा घेतला, मग शेडनेट टाकून कंपन्यांसाठी भाजीपाल्याचं बियाणं पिकवायला लागला. मंडप त्याचा, ट्रॉफ्या त्याच्या, वरण-बट्टीचं जेवण त्याचं. मला घ्यायला आलेली स्कॉर्पिओही त्याचीच. तेवढ्या कार्यक्रमात माझं स्वतःचं म्हणावं असं फक्त शिक्षण होतं.

भाषण मी झोकात सुरू केलं. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं, मिलिंदच्या आधी आपल्याकडच्या पोराला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं, वगैरे सांगितलं. टाळ्या पडल्या. मग सूत्रसंचालकाला दुर्बुद्धी सुचली आणि त्याने जाहीर केलं, ‘विद्यार्थ्यांच्या काही शंका असतील तर सरांना विचाराव्यात.’

मागून एक पोरगं उठलं. ‘सर, तुम्हाला महिन्याला किती पडतात?’

आमच्याकडे हा प्रश्न उद्धट समजत नाहीत. तब्येत कशी आहे, इतक्याच सहज विचारतात. पण माइक चालू होता, समोर अख्खं गाव होतं आणि पहिल्या रांगेत आमचे वडील, अण्णा. मी म्हणालो, ‘शिक्षणाकडे पैशाच्या दृष्टीनं बघू नये.’ मंडपात हशा पिकला. अण्णा तेवढे हसले नाहीत, कारण पैसा त्यांचा लागला होता.

आता वाचकांपासून काय लपवायचं? बदनापूरला माझं ऑनलाइन सेंटर आहे. एक टेबल, एक प्रिंटर आणि ‘सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी. फॉर्मला पन्नास रुपये. त्यावरच माझं घर चालतं. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी राज्यातून दहा लाखांवर अर्ज गेले. अट एकच, कोणत्याही शाखेची पदवी. अर्जाला खुल्या गटातून हजार रुपये, आरक्षित गटातून नऊशे. ते दिवस म्हणजे माझी दिवाळी होती. पुढच्या वर्षी पोलीस भरती आली. सतरा हजार जागा आणि सतरा लाखांहून जास्त अर्ज. शिपायाला बारावी पुरते, पण माझ्या टेबलापुढे इंजिनिअर उभे होते, बी.फार्म. उभे होते, एक एम.एस्सी.वाला छाती फुगवायचा सराव करत उभा होता. माझ्या पदवीने मला पोसलं नसेल, पण दुसऱ्यांच्या पदव्या मला व्यवस्थित पोसतात. तलाठ्याचा फॉर्म मी माझाही भरला. भरणावळीचे पन्नास रुपये स्वतःला माफ केले, परीक्षेचे हजार मात्र सरकारने सोडले नाहीत.

अण्णांनी मला शिकवलं त्याला कारण आहे. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. लोक टँकरने पाणी आणून झाडं जगवत होते, आम्हीही आणलं, तरी बाग गेली. तेव्हा अण्णा म्हणाले, ‘झाड वाळतं, पदवी वाळत नाही. तू शिक.’ मी त्यांचा शब्द असा काही झेलला की थांबायलाच तयार नव्हतो. बी.ए. झाल्यावर नोकरी नव्हती म्हणून एम.ए. केलं, तरी नव्हती म्हणून बी.एड. मग स्पर्धा परीक्षेसाठी औरंगाबादेत खोली, मेस, अभ्यासिका, क्लास. माझ्या शिक्षणावर खोलीमालक उभा राहिला, मेसवाल्या मावशींनी वर मजला चढवला, क्लासवाल्या सरांनी दुसरी शाखा काढली. पदवीचा फायदा होतो की नाही असं विचारणाऱ्यांना मी या तिघांचा पत्ता देऊ शकतो. आमच्या बदनापूरच्या संशोधन केंद्रातून निघालेली बीडीएन-711 ही तूर महाराष्ट्रभर पोचली. मी त्याच मातीतला, पण औरंगाबादच्या पुढे सरकलो नाही. तेवढ्यात औरंगाबादचंच छत्रपती संभाजीनगर झालं, मी होतो तिथेच राहिलो.

माझ्या पदवीची सरकारी किंमत मात्र एकदा मला रोख मिळाली. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोक तिला लाडका भाऊ म्हणत. तिच्यात दर ठरलेले होते. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय किंवा डिप्लोमाला आठ, पदवी आणि पदव्युत्तरला दहा. मीही एका कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून लागलो. आवक-जावक नोंदवही आणि स्टेपलर यांचं सखोल प्रशिक्षण झालं. फावल्या वेळात मी तो तक्ता पुन्हा पुन्हा वाचायचो. बारावीनंतरची तीन वर्षं, राज्यशास्त्र, इतिहास, मराठी हे सगळं मिळून वेल्डिंगपेक्षा दोन हजारांनी वर. आणि त्यावर एम.ए.ची दोन वर्षं? त्यांचे शून्य रुपये. बी.एड.चेही शून्य. अ‍ॅरिस्टॉटलवर मी चाळीस मार्कांचं टिपण लिहिलं होतं, त्याचा भाव शासनाने एका ओळीत सांगून टाकला. प्रशिक्षण आधी सहा महिन्यांचं होतं, मग मुदत वाढून अकरा झाले, मग संपलं. स्टेपलर चालवणं मी अजून विसरलेलो नाही.

मंडपातला हशा ओसरला तसा अध्यक्षांनी माइक घेतला. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाला, ‘सरांना हसू नका रे. शिकलेल्या माणसाची मला लई गरज आहे. सर, उद्यापासून आपल्या शेडनेटवर या, रजिस्टर सांभाळा.’ परत टाळ्या. या टाळ्या माझ्या भाषणाला पडलेल्यांपेक्षा जास्त होत्या.

गेलो. आमचा जिल्हा जालना, बियाण्यांची नगरी. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात मी पाठ केलं होतं. पण संकरित बी होतं कसं, ते पाठ नव्हतं. मादी झाडाच्या उमलायला आलेल्या कळीतला पुंकेसर चिमट्याने अलगद काढायचा, स्त्रीकेसराला धक्का लावायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे पराग त्याला लावायचे. रजिस्टर लिहून झाल्यावर मला वाटलं, आपणही करून बघावं. टोमॅटोच्या एका ओळीत मी पुंकेसर काढला, स्त्रीकेसर काढला, जोर जास्त झाल्यावर देठासकट फूलही काढलं. शेजारी ज्या मावशी काम करत होत्या त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांचे हात बघता बघता पुढच्या ओळीत पोचायचे. त्या माझ्या ओळीकडे बघत राहिल्या, मग मालकाला हाक मारून म्हणाल्या, ‘सरायला सावलीत बसवा, झाडं वांझ करून राहिले.’ संध्याकाळी मित्राने हिशेब केला आणि मी काढलेली फुलं माझ्या पगारातून कापली नाहीत, एवढे उपकार केले. रजिस्टर त्याची नववीतली मुलगी लिहायची, तीच पुढेही लिहू लागली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या भारतावरच्या अहवालात आहे की तरुण पदवीधरांमध्ये बेकारी 29.1 टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये 3.4 टक्के. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. त्यांना वाटलं, आपण अडाणी राहिलो ते बरं झालं असं मी म्हणतोय. तसं नाही. ज्याला बसून राहणं परवडतं तो बेकार म्हणवून घेतो. मावशींना ते परवडत नाही, त्या उन्हात कामाला जातात आणि अहवालात रोजगारप्राप्त होतात. मला अण्णांच्या ज्वारीवर बसून राहता आलं, हा माझ्या पदवीचा खरा लाभांश. शिवाय पदवीधरांमधले ज्यांना पक्की नोकरी लागते, ते बाकीच्यांहून पुष्कळ जास्त कमावतात, हेही खरं. त्यांच्यात मी नाही, एवढंच.

त्या दिवशी मंडपात दुसरा प्रश्न एका मुलीने विचारला होता, तो सांगायचा राहिला. ती म्हणाली, ‘सर, कॉलेजला नाव घातलं की तीन वर्षं लग्नाचा विषय निघत नाही ना?’ या वेळी कोणी हसलं नाही. लहानपणी लग्न लावून देण्यात आमच्या जिल्ह्याचं नाव राज्यात चांगलं नाही. मी म्हणालो, ‘निघत नाही. आणि बी.ए. झाल्यावर निघालाच, तर एम.ए. आहे.’ त्या दिवशीचं माझं एवढंच वाक्य मला अजून पटतं. तिच्या हिशेबात एम.ए. शून्य रुपयांचं नव्हतं.

तेव्हा माझं मत असं. मुलींनो, डोळे झाकून नाव घाला. डिप्लोमा, इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत असेल तर तोच घ्या. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. पोरांनो, आधी हाताला एखादं काम लावा, पदवी बाहेरून करता येते. आणि दोघांनीही भरतीची जाहिरात निघाली की बदनापूरला या. पदवीची मूळ प्रत, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आधार आणि दोन फोटो सोबत आणा. शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद पडतो, त्यामुळे आधीच या. आकार पन्नास रुपये, पदवीधरांना सवलत नाही.