सातबारा शोधणाऱ्यांस सूचना

गूगल उघडायला आधी गूगलमध्येच ‘गूगल’ टाइप करावे, ही आपल्याकडची रूढ पद्धत. मग ‘सातबारा’ टाकावे आणि सगळ्यात वर जे येईल त्यावर डोळे मिटून क्लिक करावे. त्यावर बारीक अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेले असते. पण पैसे मोजून पुढे बसलेल्याला मान द्यायची आपल्याला सवय आहेच. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का हे पाहणे म्हणजे उगाच संशयी स्वभाव. सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. एवढ्या स्वस्तात काय मजा!

गूगलमध्ये शोधताना शब्दसमूह अवतरणचिन्हांत घातला की नेमके तेच शब्द त्याच क्रमाने शोधले जातात. नको त्या शब्दाला चिकटून आधी वजाचे चिन्ह दिले की तो शब्द असलेली पाने गळतात. हे शिकायला दोन मिनिटे लागतात, म्हणूनच कोणी शिकत नाही.

लांबलचक शासन निर्णयात आपले गाव हवे? कंट्रोल आणि एफ दाबा. फाइल युनिकोडात असेल तर गाव बहुधा सापडेल. जुन्या फॉन्टात असेल, तर पडद्यावर दिसते स्वच्छ मराठी, पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरांचे कडबोळे. कागद नुसता स्कॅन करून चढवला असेल, तर ते निव्वळ चित्र. मग माऊसचे चाक फिरवत ओळ न् ओळ वाचा. कचेरीत विचारलेत तर उत्तर तयार असते : “ऑनलाइन टाकलंय की साहेब, बघून घ्या!”